इरम्माने शोधलेला दगड

माझ्या भाचीने एक दगड शोधला. आभाळातला. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या जागेत असे लाखो दगड सूर्याभोवती फिरत असतात, त्यांना लघुग्रह म्हणतात. त्यातला एक तिचा. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण तेरच्या बसस्थानकासमोर जो फ्लेक्स लागला होता तो वाचून कुणालाही वाटलं असतं की दगड श्रीमंतराव नावाच्या गृहस्थांनी शोधला, आणि तोही स्वतः वारल्यानंतर.

मी धनाजी, तिचा सख्खा मामा. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो, धाराशिवला राहतो. लोक मला तिरसट म्हणतात. म्हणोत. हे लिहितानाही माझं डोकं ठिकाणावर आहे असा माझा दावा नाही.

भाचीचं नाव इरम्मा. अणदूरजवळच्या वस्तीवर माझी बहीण सखूबाई दिली आहे. मेव्हणे बिराप्पा, मेंढरं राखणारा माणूस. त्यांची आई इरम्मा वारली आणि वर्षाच्या आत सखूला मुलगी झाली. आमच्यात अशा वेळी गेलेलं माणूसच परत आलं असं धरतात आणि त्याचंच नाव ठेवतात. नाव ठेवून भागत नाही, मान पण तोच द्यावा लागतो. बिराप्पा मुलीला कधी नावाने हाक मारत नसत. ‘अव्वा’ म्हणत, म्हणजे आई. एकदा दूध सांडलं म्हणून सखूने तिच्यावर हात उगारला, तर बिराप्पांनी तो हात धरला. म्हणाले, “माझ्या आईला मारतीस व्हय?” तीन वर्षांची अव्वा बापाच्या पायामागे उभी राहून आईला वेडावून दाखवत होती. एवढा रुबाब नंतर तिच्या वाट्याला कधी आला नाही.

बी. एस्सी.ला ती माझ्याकडे धाराशिवला होती. वर्गात सगळ्या शिवांजली आणि राजनंदिनी, त्यात ही इरम्मा. पोरी हसायच्या. मी एकदा म्हणालो, “इरे, बदलून घेऊ का नाव? अजून कागद थोडे आहेत.” ती म्हणाली, “कशाला मामा? माझं नाव वापरातलं हाय. त्यांची कोरी करकरीत हायत, टोचत असतील.” मला हे उत्तर इतकं आवडलं की मी ते शाळेत जाऊन सगळ्या मास्तरांना सांगितलं.

दुसऱ्या वर्षाला कॉलेजात लघुग्रह शोधायचा एक उपक्रम आला. पुण्याच्या भुवनेश्वरी मॅडम तो चालवायच्या. परदेशातल्या मोठ्या दुर्बिणीने काढलेली चित्रं कॉम्प्युटरवर यायची. आभाळाच्या एकाच तुकड्याची चार चित्रं, थोड्या थोड्या वेळाने काढलेली. ती एकामागून एक फिरवत बसायचं. तारे जागचे हलत नाहीत. एखादा ठिपका सरकताना दिसला, तर तो दगड असू शकतो. बाकीच्या पोरापोरींचे डोळे दोन दिवसांत दुखायला लागले. हिचं लहानपण मेंढरांवर नजर ठेवण्यात गेलेलं. कळपातलं एखादं हळूच बाजूला निघालं की तिला न मोजता कळायचं. तसाच तो ठिपका तिला कळला. इतका फिका होता की शेजारच्या पोराला बोट लावून दाखवलं तरी दिसेना.

मग प्रमाणपत्र आलं, इरम्मा बिराप्पा या नावाचं. दगडाला अजून नाव नव्हतं. आधी तात्पुरता क्रमांक देतात, मग कुठे कुठे, कधी कधी दिसला ते वर्षानुवर्षं तपासतात, त्याची वाट पक्की झाली की कायमचा क्रमांक मिळतो आणि त्यानंतर नाव. “पाच-सात वर्षं लागतील,” मॅडम म्हणाल्या. ही म्हणाली, “लागू द्यात की, म्या कुठं चाललेय?”

दोन वर्षांनी लग्न झालं आणि ती तेरला गेली.

जावई रणधीर शिक्षक. तेरमधल्या एका खाजगी संस्थेच्या शाळेत, पण कायम नाही, तासिका तत्त्वावर. स्थळ चांगलं म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या, माझीही डोलली. वरात घरी पोचल्यावर लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरले आणि रणधीरने अंगठीने त्यात नाव लिहिलं. समृद्धी. हे नाव त्याच्या थोरल्या बहिणीने सुचवलं होतं. तेव्हा समृद्धी महामार्गाची जिकडेतिकडे चर्चा होती, त्या बाईंना दुसरं काही सुचलं नसावं. “इरम्मा म्हंजे लईच जुनं वाटतंय वो,” त्या म्हणाल्या. सगळे हसले. बिराप्पा कोपऱ्यात उभे होते. त्यांच्या आईचं नाव गेलं, त्यांनी हातातल्या अक्षता खिशात टाकल्या आणि जेवायला बसले.

आमच्या जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा केवढा गाजावाजा झाला. सभा झाल्या, कोर्टात माणसं गेली, हरकती मागवल्या. एका जित्या मुलीचं नाव बदलताना कुणी हरकत मागवली नाही. पुढे तर तिचं नाव राजपत्रातही छापून आणलं, आधारवर, बँकेत, सगळीकडे समृद्धी. पहिल्या पहिल्यांदा तिला कुणी हाक मारली की ती शेजारी बघायची. सासूला वाटायचं, पोरगी कानाने अधू आहे.

आता मुद्द्याचं. गेल्या वर्षाच्या आदल्या वर्षी भुवनेश्वरी मॅडमचा फोन आला. आमच्या घरचा नंबर त्यांच्याकडे होता. दगडाला कायमचा क्रमांक मिळाला होता आणि नाव सुचवायचा हक्क इरम्माचा होता. मी दोघींना फोनवर जोडून दिलं आणि स्वतःही ऐकत बसलो.

मॅडमनी नियम सांगितले. नाव सोळा अक्षरांच्या आत, इंग्रजीत. राजकारणी किंवा लढाया करणारा माणूस असेल तर तो मरून शंभर वर्षं झालेली पाहिजेत. हा नियम ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी फोनवरच “वा” म्हणालो. दुकानाची, कंपनीची जाहिरात नको. कुत्र्यामांजराचं नाव त्यांना आवडत नाही. सुचवलेलं नाव कुणाचं आणि का, हे दोन-तीन ओळींत लिहायचं, मग जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांची समिती ते मान्य करते. लोकांनी आपल्या शिक्षकांची, आयांची, गावांची, नद्यांची नावं दिली आहेत. आणि अगदी सुरुवातीच्या काळात तर म्हणे या दगडांना बायकांचीच नावं द्यायची चाल होती. पुरुषाचं द्यायचंच झालं, तर त्याला बाईच्या नावासारखं वळण लावून घ्यायचे. मला ही चाल फार योग्य वाटली.

“आणि एक,” मॅडम म्हणाल्या, “शोधणाऱ्याने स्वतःचं नाव देऊ नये असा संकेत आहे.”

मग इरम्मा हळूच म्हणाली, “मला माझ्या आज्जीचं द्यायचं होतं मॅडम. पण ती बी इरम्माच.”

मॅडम म्हणाल्या, “पण तुमचं नाव तर आता समृद्धी आहे ना? मग अडचण काय? आजीचं द्या.”

म्हणजे नाव पुसलं गेल्याचा एवढा एक फायदा तिला झाला. ती हसली. मग तिने विचारलं, “मॅडम, एकदा दिल्यावर कुणी बदलतं का?”

“नाही. जाहीर झालं की झालं. कुणालाच बदलता येत नाही.”

“कुणालाच?”

“कुणालाच.”

मला तिचा चेहरा दिसत नव्हता, पण हा प्रश्न तिने दोनदा का विचारला ते मला कळलं. तिला कीर्ती वगैरे नको होती. ज्या नावाला बाप आई म्हणायचा, ते नाव कुणाची नणंद, कुणाचं ताट, कुणाचं राजपत्र पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवून द्यायचं होतं. बास, एवढंच.

त्याच संध्याकाळी तिने बापाला फोन केला. बिराप्पांना लघुग्रह कळला नाही, पण आईचं नाव आभाळात कायमचं लागणार हे कळलं. ते चालत अणदूरला गेले, खंडोबापुढे भंडारा उधळला आणि देवळाबाहेर भेटेल त्याला सांगत सुटले. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला.

मजकूर तिने मराठीत लिहिला. मी एक शब्द बदलला नाही, बदलण्यासारखा नव्हताच. ‘इरम्मा ही मेंढरं राखणारी बाई होती. तिने सात लेकरं वाढवली आणि दुष्काळात कळप जगवला. तिचं नाव तिच्या नातीला दिलं होतं.’ ‘होतं’ हा शब्द वाचून मी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसलो.

आता हा मजकूर इंग्रजी करून पाठवायचा होता. मी म्हणालो, मॅडमना मराठीतच दे, त्या करतील. पण सासरच्या घरातून सुनेने बाहेर परस्पर काही पाठवायचं म्हणजे कसंतरी दिसतं, नवऱ्याच्या हातून गेलेलं बरं, असं तिच्या अंगवळणी पडलं होतं. तिचा ईमेलही त्याच्याच फोनवर चालायचा. तिने कागद रणधीरच्या हातात दिला. आमच्याकडच्या बायका हे असंच करतात. विश्वास वगैरे मोठा शब्द त्यात नसतो, ताट वाढून पुढे ठेवावं तसं त्या ठेवतात.

रणधीरने पाठवलं. “पाठवलं का?” तिने विचारलं. “पाठवलं,” तो म्हणाला. खोटं बोलला असंही म्हणता येत नाही.

मग कित्येक महिने काही नाही. आणि एक दिवस ती चक्कीवरून दळण घेऊन येताना तिला बसस्थानकासमोर माणसं मान वर करून उभी दिसली. वर फ्लेक्स होता. पांढऱ्या फेट्यातले कै. श्रीमंतराव, मागे काळंभोर आभाळ, त्यात शनी, चंद्र आणि का कोण जाणे एक रॉकेट. ‘शिक्षणमहर्षी श्रीमंतराव आता अंतराळात! लघुग्रहास आमच्या संस्थापकांचे नाव!’ आणि खाली, गुडघ्याच्या उंचीवर, बारीक अक्षरात: ‘शोधकर्त्या सौ. समृद्धी रणधीर’.

रणधीरच्या शाळेची संस्था श्रीमंतरावांची. ते गेल्यावर मुलगा कृष्णराज अध्यक्ष झाला. रणधीरची नोकरी कायम करायची की नाही हे कृष्णराजच्या हातात. एवढं सांगितलं की पुढचं कुणालाही समजेल. राहिला शंभर वर्षांचा नियम. श्रीमंतराव दोनदा निवडणुकीला उभे राहिले आणि दोन्ही वेळा पडले. मतदारांनी त्यांना राजकारणी होऊ दिलं नाही, म्हणून समितीला ते शुद्ध शिक्षणप्रेमी वाटले. समितीचा दोष नाही. त्यांना काय माहीत, या माणसाच्या शाळेच्या मुतारीला अजून छप्पर नाही.

तिने मला फोन केला. रडत नव्हती. फक्त म्हणाली, “मामा, मॅडमना विचारा, काय करता येतं का.”

मी विचारलं. मॅडम हळहळल्या. “तिच्याच ईमेलवरून आलं होतं हो. मला वाटलं, तिने विचार बदलला. मी एकदा फोन तरी करायला हवा होता. पण आता जाहीर झालंय. आता कुणालाच बदलता येत नाही.”

तोच नियम. तेच शब्द. मी फोन ठेवला आणि पहिली बस धरून तेर गाठलं.

रणधीर ओसरीवर बसला होता. माझं तोंड बघून त्याने खुर्ची पुढे केली. मी बसलो नाही.

“जावईबापू, हे तुमी काय केलं?”

“मामा, बसा तर. पाणी घ्या.”

“पाणी नको. तिनं कागद दिला होता तुमच्याकडं.”

“व्हय, दिला होता की. पण मामा, तुमीच सांगा, आज्जीच्या नावानं काय मिळणार होतं? त्या बाईला वस्तीबाहेर कोण वळखत होतं? आता अध्यक्षांनी सोताहून बोलावून सांगितलंय, जूनपासनं ऑर्डर कायम. ह्यात तिचाच फायदा हाय ना? घर तिचंच हाय ना?”

“विचारलं का तिला?”

“विचारलं असतं तर न्हाय म्हणली असती,” तो म्हणाला, अगदी साधेपणाने. तो वाईट माणूस नाही. दारू पीत नाही, हात उचलत नाही, त्यांना एक लहान लेक आहे, तिला गाडीवर बसवून फिरवतो. वाईट असता तर मला शिव्या देता आल्या असत्या. दाराच्या आत इरम्मा उभी होती. ती म्हणाली, “मामा, चहा टाकलाय, घेऊन जावा.” मी चहा घेतला. काय करणार होतो?

बिराप्पांना मी स्वतः वस्तीवर जाऊन सांगितलं. त्यांनी मेंढरांवरची नजर काढली नाही. म्हणाले, “अव्वाला दिली तवाच समदं दिलं. आता मागं काय मागायचं?” संस्थेने तिचा सत्कार ठेवला होता, त्याला चला म्हणालो तर नकारार्थी मान हलवली. त्यानंतर ते अणदूरला देवळाकडे जायचे बंद झाले, कारण लोक विचारायचे, म्हातारबा, आईचं नाव दिसतंय का आभाळात?

सत्कार संस्थेच्या मैदानावर झाला. मंडप, हलगी, शाळेची पोरं सकाळपासून उन्हात बसवलेली. कृष्णराज तासभर बोलले. वडिलांनी खेड्यात ज्ञानाची गंगा आणली आणि आज ते स्वतः तारा झाले, असं म्हणाले. लघुग्रह म्हणजे तारा नव्हे हे पहिल्या रांगेतल्या विज्ञानशिक्षकाला माहीत होतं. तोही टाळ्या वाजवत होता. इरम्मा व्यासपीठाच्या कडेला, शेवटच्या खुर्चीवर. शाल, श्रीफळ झालं. तिच्या अंगावर नवी पैठणी होती. तिच्या तोंडाकडे मला बघवत नव्हतं.

मग सूत्रसंचालक सोमेश, तिथलाच एक शिक्षक, म्हणाला, “आता आपल्या समृद्धीताई दोन शब्द बोलतील.”

ती माईकपाशी आली. “नमस्कार,” म्हणाली. आवाज स्वच्छ होता. “माझं नाव इरम्मा. हा दगड म्या शोधला. ह्याला हे नाव म्या दिलेलं न्हाय.”

मी खुर्चीवरून उठलो. आता काहीतरी होईल, कुणीतरी विचारेल, निदान एक माणूस तरी. रणधीर पायातल्या बुटांकडे बघत होता.

सोमेशने हसत हसत माईक हातात घेतला. “ताई जरा भावुक झाल्यात! नाव त्यांनी न्हाय दिलं, ते तर आपल्या साहेबांच्या पुण्याईनं दिलं, असं म्हणायचंय त्यांना. आणि माहेरचं नाव बी आलं तोंडात! कितीबी झालं तरी बाईला माहेर सुटत न्हाय. जोरदार टाळ्या!”

टाळ्या खरंच जोरदार झाल्या. कृष्णराजही वाजवत होते. तिच्या हातात कुणीतरी अजून एक नारळ दिला आणि तिला परत खुर्चीवर बसवलं. मंडपात उभा राहिलेला मी एकटाच होतो. मागच्या माणसाने माझा सदरा ओढला, “खाली बसा की वो, दिसत न्हाय.” दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आलं, ‘सत्काराने समृद्धीताई भारावल्या.’

पेपर आला त्याच दिवशी दुपारी तिचा फोन आला.

“मामा, जेवलात का?”

“जेवलो. तू?”

“आमचं व्हायचंय.” मग म्हणाली, “मामा, रागावू नका. एक काम हाय. मला हाक मारा की.”

“कशी?”

“तुमी मारता तशी.”

“इरे,” मी म्हणालो. तिचा श्वास ऐकू येत होता. “इरम्मा,” मी म्हणालो, जरा मोठ्याने.

“अजून एकदा.”

मी तोंड उघडलं, तेवढ्यात तिच्या मागून घरातून कुणीतरी हाक मारली, “समृद्धी!”

“आले,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.